साल

बापाने लावलेली झाडं मी सोलतेय.
कमरेच्या उंचीवर, हातभर रुंद,
कोयत्याने वर एक वेढा, खाली एक वेढा,
मग ओढायची.
केळीचा सोप सुटावा तशी साल सुटते,
आत ओलं, पांढरं, गुळगुळीत.
झाड ओरडत नाही. पडतही नाही.
दोन पावसाळे उभ्या उभ्या वाळतं.

सत्त्याऐंशी साल होतं ते.
चरावण्याला जीप आली, पिशव्यांतून रोपं,
म्हणे ऑस्ट्रेलियाची.
फोंडू, लाव रे, तीन वर्षांत डोंगर हिरवा.
झाला. खरंच झाला.
त्या रोजंदारीत माझी पहिली चप्पल आली,
निळ्या पट्ट्याची.

हिरवा, पण खाली गवताची काडी नाही.
पानं विळ्यासारखी, पडतात नि कुजत नाहीत,
चाललं की पापड मोडल्याचा आवाज.
गवे तिथे थांबणार कशाला?
रात्री थेट आमच्या कुळागरात,
केळी, सुपारीची कोवळी रोपं, सगळं तुडवून.

विशांत गार्ड म्हणतो, दहातली चारच सोल.
एकदम उघडं केलंस तर रानमोडी माजेल,
ऊन हळूहळू आत घ्यायचं.
बाकीची पुढच्या साली.
मी हसले. साल पुढच्या साली.
त्याला कळलं नाही, तो काणकोणचा,
की कळूनही त्याने वहीत आकडा लिहिला.

हद्दीचा दगड आमच्या काजूंत उभा आहे.
गवे त्याला अंग घासतात,
आकडा जवळजवळ पुसला गेलाय.
गवत होईल तर पलीकडे, सरकारच्या बाजूला.
झर मात्र आमच्या बाजूला,
काजूंच्या मुळांनी वेढलेली.

नऊ काजू काढल्या. तारेत वीस हात वाट सोडली.
भाऊ तुळशिदास महिनाभर बोलला नाही.
बोलला तेव्हा हिशेबच बोलला:
एका झाडामागे हुर्राक किती, फेणी किती, बी किती,
सरकार देणार ते किती, आणि कधी.
त्याचं एकही गणित चुकलेलं नव्हतं.
मी म्हटलं, केळींचंही मांड.
त्याने मांडलं नाही.

परवा बाप काठी टेकत वर आला.
सोललेल्या झाडावर तळवा ठेवून
किती वेळ उभा.
"ही मी लावलेली?"
"होय."
"बरी लागली होती."
एवढंच. मग काठीच्या टोकाने
तिथंच एक खड्डा उकरू लागला.
मी पिशवीतून घोटिंगाचं रोप काढून दिलं.
माती त्याने हाताने दाबली,
तेव्हाही अशीच दाबली असेल.

आज त्या झाडाखाली
घोंगडीएवढा उजेड पडलाय.
मधोमध काहीतरी उगवून आलंय, दोन पानांचं.
गवतवाटेतलं की रानमोडी,
दोन पानांवरून मला तरी सांगता येत नाही.
विशांतलाही नाही.
वाकून बघते.
कोयता कमरेलाच राहू देते.