लाभ, दोन, तीन

कंपनीच्या यादीत त्याचे चार अल्बम आहेत.
माझ्या हिशेबात पाच.
मी कोण? कोपरखैरणे, सेक्टर सहा,
रिचार्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन.
शटर अजूनही अर्धंच वर जातं.

निवास शेडगे. तेव्हा मापाडी झाला नव्हता,
कांदा-बटाटा मार्केटात बापाचा डबा पोचवायचा
आणि गाळ्यांवरच्या शिव्या
यमकात बसवत परत यायचा.
पहिली सात गाणी त्याने फोनवर भरली,
रिकाम्या बारदानात तोंड खुपसून.
बारदान घुमणारा आवाज खातं,
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
नाव ठेवलं : गोणी नंबर बारा.
कव्हर नाही. मेमरी कार्ड नखाएवढं,
त्यावर कव्हर कुठे चिकटवणार?

दहा रुपयांत मी कार्ड भरून द्यायचो.
भक्तिगीतं, हळदीचा डीजे,
आणि शेवटी, न विचारता, निवास.
गिऱ्हाईक भांडायला यायचं : हे काय घातलंस?
आठवड्याने तेच गिऱ्हाईक : ते अजून आहे का?
ड्रायव्हरांच्या खिशातून तो लासलगावला जाऊन आला
स्वतः दिघ्याच्या पुढे गेलेला नसताना.
याची नोंद कुठेही नाही.

'वाराई'बद्दल सगळे बोलतात. बोलू देत, चांगलाच आहे.
गाद्या भिंतीला उभ्या, आई बाहेर जिन्यात बसलेली
आणि गॅस बंद करायचा राहिलेला.
चौथ्या गाण्यात कुकरची शिट्टी आहे.
पोरं तिच्यावरच उडी मारतात.

'वजनदार'चं मला विचारू नका.
अंधेरी, काचेची खोली, अर्धी हिंदी,
पाम बीचवर भाड्याची लाल गाडी
आणि याच्या पाठीवर थर्माकोलने भरलेली गोणी.
बापाने पोस्टर बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.
"हूक चुकीच्या हातात धरलाय," म्हणाला.
त्या वर्षी गाण्याचा हूक लिहायलाही
कंपनीने दुसराच माणूस ठेवला होता.
तोच अल्बम सगळ्यात जास्त चालला.

मग बराच काळ काही नाही.
ऐरोलीच्या एका कॉल सेंटरची गाडी चालवत होता,
हे मला पेट्रोल पंपावरच्या पोराने सांगितलं.
'रात्रपाळी' तिथली.
सगळा अल्बम तो कुजबुजतो,
कारण मागच्या सीटवर माणसं झोपलेली असायची.
लोक म्हणाले, आवाज गेला याचा.
मी दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा दुकान बंद करून.

परवाच्या फाल्गुनात आला. डोकं नुकतंच उतरवलेलं.
बसला नाही.
"गोणी नंबर बारा आहे का रे कुठे?"

जुना कॉम्प्युटर भंगारात गेलेला.
कार्डांचा डबा होता, बामच्या बाटलीशेजारी.
अकरा कार्डं मेलेली निघाली, एक जिवंत,
त्यावर कुणाच्या तरी बारशाचे फोटो
आणि सातांपैकी तीन गाणी.

लावलं. आपलाच पोरसवदा आवाज ऐकून
त्याने तोंड वाकडं केलं. "हे नको. मागचं."
मागे ट्रक रिकामा होत होता.
हा गोंगाट काढून टाक म्हणून
तेव्हा आम्ही किती रात्री डोकं फोडलं होतं!
मागे बाप गोण्या मोजत होता,
जावळीच्या खळ्यावरची सवय, एक म्हणायचाच नाही :
लाभ, दोन, तीन,
चार, अरे हळू,
पाच.

'पाठ' तुम्ही ऐकलाच असेल.
पहिली चाळीस सेकंदं निवास त्यात नाहीच,
लोकांना वाटतं नेट अडकलं.

त्या दिवशी मी कार्ड कागदात गुंडाळून दिलं.
त्याने पाचशेची नोट काढली.
मी म्हटलं, दहा रुपये झाले.
सुट्टे नव्हते त्याच्याकडे.
अजून यायचे आहेत.