सहा थेंब

बेन्यात आरेगी सकाळी सहाला पूल ओलांडून येतो,
तेव्हा माझं शटर अर्धंच उचललेलं असतं.
पिकअपच्या पुढच्या सीटवर बेल्त्सा.
त्याच्या बास्क बोलीत बेल्त्सा म्हणजे काळी,
आणि आहेच ती काळी, कपाळावरचा टिळा सोडला तर.
अकरा वर्षं मेंढ्या वळल्या तिने.
आता मधूनच पाय ताठ होतात, डोळे फिरतात, तोंडाला फेस,
आणि म्हातारा तिचं डोकं मांडीवर घेऊन
आकडे मोजत बसतो.

मी काउंटरखालून त्याची बाटली काढते.
त्याचीच. पैसे त्याने दिलेत, झाकणावर नाव आहे.
पण राहते माझ्याकडे;
घरी नेली तर गुन्हा.
घर म्हणजे ते काय, नदीपल्याड,
कोठाराचा पत्रा इथून चमकताना दिसतो.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात.
इथे भाषा तीच, शिवीसुद्धा तीच,
शेतातला कांदा दोन्ही काठांना सारखाच झोंबतो.
फक्त पुलाच्या मधोमध एक पाटी,
आणि लेबलवरचा आकडा: शून्य पूर्णांक तीन.
ओरेगन म्हणतं, घ्या की, किती हवंय?
आयडाहो म्हणतं, शून्य म्हणजे शून्य,
पूर्णांकाच्या पुढचं आम्ही वाचत नाही.

गल्ल्यामागे मी नकाशा लावलाय, शिसपेन्सिलीने रंगवलेला.
गिऱ्हाईक विचारतं, बहिणीकडे नेऊ का, नेब्रास्काला?
मी नकाशा बघते, चष्मा पुसते, परत बघते,
म्हणते, गेल्या वर्षी तरी चालत होतं.
दर जानेवारीला चार-दोन राज्यं खोडरबराखाली जातात.
एका जागी कागद इतका झिजलाय
की मागची भिंत दिसते.

आमची पोरं जुलैत फटाके आणायला तिकडे जातात,
इथे न मिळणारे, आकाशात फुटणारे.
ते असो.

बेन्यातने एकदाच विचारलं होतं,
"पोटात गेल्यावर ते कुणाचं?"
"कुत्रीचं," मी म्हटलं.
त्यावर तो इतका वेळ हसला
की मला वाटलं, रडतोय.

फेब्रुवारीत पुलावर काचेसारखं बर्फ बसलं.
कांद्याचा ट्रक आडवा, दोन्हीकडून गाड्या बंद.
तिसऱ्या दिवशी फोन आला.
"रात्रीत चार वेळा," एवढंच बोलला.
मी बाटली कोटाच्या आतल्या खिशात टाकली,
गोठू नये म्हणून, आणि बुटांना दोरी गुंडाळून निघाले.
कठडा धरून. पायाखाली पूल, पुलाखाली नदी,
नदीला कुठल्या काठाचं काय.

तिकडून तो येत होता,
मेंढपाळ कोकरू आणतो तसं कुत्रीला खांद्यावर टाकून.
पाटीपाशी टेकला.
मी ड्रॉपर भरला, हात थरथरत होता,
आणि त्याच वेळी मागून टॉर्च पडला:
तिकडचा पोलीस, थेअर नावाचा, मिशीला बर्फ.
त्याने बाटलीकडे पाहिलं, मग पाटीकडे,
मग बर्फावर आडव्या पडलेल्या बेल्त्साकडे,
शेपूट त्याच्या हद्दीत, पोट सीमेवर.
बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
"बाई," तो म्हणाला, "एक पाऊल मागे घ्या."
मी घेतलं.
मग बेन्यातला म्हणाला, "आणि तू तिचं तोंड जरा पुढे सरकव."

चार, पाच, सहा.
बेल्त्सा शिंकली.
थेअरने टॉर्च विझवला नाही,
फक्त नदीकडे वळवला,
जणू खाली काही पडलंय आणि ते त्याला शोधायचंय.