वाटा

मालवणात, देऊळवाड्याच्या वळणावर माझं दुकान.
सुलक्षा खोबरेकर लॅपटॉप ठेवते.
पाण्याखालचे व्हिडिओ अडकतात म्हणे,
मासा अर्ध्यात थिजतो,
शेपटी मागाहून येते.

मी सांगतो, तुझं ग्राफिक्स रापणीतलं आहे :
प्रोसेसरच्याच दोराला हात,
रॅमच्याच राशीतून वाटा.
वेगळं कार्ड म्हणजे ट्रॉलर.
स्वतःचं इंजिन, स्वतःची मेमरी, स्वतःचा बर्फ.
आणि डिझेल?
बॅटरी दोन तासांत तळाला.

ती हसत नाही.
तिचे वडील अजून रापण ओढतात;
ट्रॉलरचं नाव त्या घरात
असं सहज घेत नाहीत.

"मगे रॅमच वाढव," म्हणते,
"रास मोठी झाली काय वाटोय मोठो."

स्क्रू काढतो.
पंख्यातून चिमूटभर वाळू पडते,
ओलसर,
तारकर्लीची.