डावं मनगट

व्हर्नाने तिकिटं काढली तेव्हा म्हटलं, वेडी का तू,
एकशे चाळीस पौंड, आणि वर उभं राहायचं?
ती म्हणाली, कॅमी, खुर्चीवाल्यांचं दार वेगळं असतं,
गुडघ्याचं पत्र दाखवलं की सोडतात.
आणि खरंच सोडलं.

शेफिल्ड. नोव्हेंबर. ट्रामच्या थांब्यापासून नुसता चढ.
चढावर आमच्याच वयाची माणसं दम खात उभी,
कोटांची बटणं उघडी, आत काळे टी-शर्ट,
पोटांवर ताणून रुंद झालेलं तेच पत्र्याचं चर्च:
टिन चॅपल, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.
स्वच्छतागृहाची रांग, नवल म्हणजे, पुरुषांची लांब.

अठ्ठ्याहत्तर साली मी त्यांना ऐकलंच नाही.
माझी रात्रपाळी. त्यांचा कार्यक्रम सुटला
की आमच्याकडे गर्दी व्हायची:
फुटलेल्या भुवया, तळव्यात काच, एकदा नुसताच कुणाचा तरी बूट.
एका रात्री खुद्द ड्रमवाला आला.
रॉय अ‍ॅक्रॉइड, वय चोवीस,
व्हॅनच्या दारात सापडलेलं डावं मनगट.
पेंगुळल्या डॉक्टरने हाड बसवलं, प्लास्टर मी घातलं.
मी पट्ट्या भिजवतेय कोमट पाण्यात
आणि हा उजव्या हाताने, चमच्याने,
खाटेच्या लोखंडी कठड्यावर वाजवतोय.
म्हटलं, पलीकडे म्हातारे झोपलेत.
म्हणाला, सिस्टर, थांबलो की दुखतं.

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आमचं घर.
दिवसभर कुणी ना कुणी एकच तार छेडून बघायचं,
कान लावायचं, खुंटी पिळायचं, परत तीच तार.
पुढचा सूर कधी यायचाच नाही.
मी चमचा काढून घेतला नाही.
खाली टॉवेलची घडी ठेवली, इतकंच.

दिवे गेले. चौघांतले तिघे आले.
चौथ्याच्या जागी त्याची मुलगी,
बास गिटार बापाची, पट्टा आखूड केलेला.
गाणारा उंच स्टुलावर.
वरचा सूर जवळ आला की तो माईक आमच्याकडे धरायचा,
आणि तीन हजार माणसं त्याच्या वतीने
तो सूर लावायची, बेसूर, जीव तोडून.

मी मनगट शोधत होते.
मोठ्या पडद्यावर एकदाच दिसलं, क्षणभर:
डावा हात जरासा बाहेर वळलेला,
काठी चारचौघांपेक्षा वेगळी धरलेली.
पंचेचाळीस वर्षं लोक म्हणत असतील, काय शैली आहे.
शैली कसली.
ते तिसऱ्या थराचं प्लास्टर, सैल राहिलेलं,
पहाटे चारला, पुढच्या खाटेची घंटा वाजली म्हणून.

हे मी व्हर्नाच्या कानात ओरडून सांगितलं.
तिच्या कानात काहीच नव्हतं.
दोन्ही यंत्रं काढून तिने चष्म्याच्या डबीत ठेवलेली,
बूट काढलेले, मोजेसुद्धा,
सुजरी पावलं फरशीला टेकवून बसली होती
डोळे मिटून, चर्चमध्ये बसते तशी.
मला हलवून म्हणाली, इथून नीट येतंय.
बोट पावलांकडे.
मीही एक बूट काढला. दुसऱ्याची चेन अडकली.

शेवटच्या गाण्यात तो चुकला.
समेला अर्धा श्वास उशीर.
बासवाली पोर वळून हसली, बोटं अधांतरी धरून थांबली,
आणि त्या रिकाम्या जागेत
माझ्या एका उघड्या पावलाला
काहीच आलं नाही.
मग आलं.

बाहेर धुकं. कानात शिट्टी.
थांब्यावर उभ्यानेच चर्चा: कुणाचा रक्तदाब, कुणाची बायपास,
कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी पुन्हा,
त्यावर सगळेच जरा जास्त हसले.
व्हर्नाने डबी उघडली, यंत्रं बसवली,
विचारलं, आत काय ओरडत होतीस?
मी सांगायला लागले: व्हॅन, दार, चमचा...
तेवढ्यात ट्राम आली,
आणि पायरी उंच होती.