ओळ दोनशे चौदा

उदगीरहून पत्र आलं,
वहीच्या पानावर, निळ्या शाईत:
'तुमचं ओलावा मोजायचं यंत्र इथल्या आडतीवर आहे.
माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलंय,
तीन वर्षांत कधीही मागा, सोर्स कोड देऊ.
मी मागते आहे.
शाहीन पटेल, यंत्रदुरुस्ती, नळेगाव रोड.'

ते पान मीच छापायला दिलं होतं.
कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

कासटसाहेब म्हणाले, डबा विकला आपण,
डोकं नाही विकलं.
मी म्हणालो, डोकं आपलं कितीसं त्यात?
पाया सगळा लोकांचा, कुठकुठल्या देशांतल्या,
फुकट उचललेला, एका अटीवर:
पुढं देताना झाकायचं नाही.
विरजण मागून आणलेल्या घरानं दही नाकारू नये,
असंही काहीतरी बोलून गेलो,
आणि माझं मलाच ते पुस्तकी वाटलं.
साहेब पंख्याकडं बघत होते.

खरी अडचण निराळीच.
विकलेल्या चारशे बारा यंत्रांत जी आवृत्ती आहे
ती आमच्यापाशीच नव्हती.
सर्व्हरवर तिच्या पुढची, कपाटात मागची,
मधली गेली मन्मथच्या लॅपटॉपमधून हिंजवडीला.

रात्री साडेअकराला फोन लावला.
'काय करलालास रे इतक्या रात्री?'
मग बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक.
'सापडली. पण तशीच नको देऊ,
दोनशे चौदावी ओळ बघ आधी.'

बघितली.
येईल त्या आकड्यात शून्य पूर्णांक सात मिळवा.
शेजारी त्याची टीप:
'का ते माहीत नाही. आईच्या तव्यावर तीन रात्री
सोयाबीन सुकवून वजन केलं, एवढाच फरक आला.
नीट तपासायचं राहिलंय.'

राहिलंय.
चार हंगाम झाले.
लातूर, औसा, अहमदपूर,
किती पोत्यांचा भाव त्या तव्यावर ठरला
कुणी मोजलेलं नाही.

टीप पुसायला बोट ठेवलं.
यंत्राला टीप लागत नाही, आकडा तोच राहिला असता.
पण परवान्यात एक वाक्य आहे:
ज्या रूपात तुम्ही स्वतः बदल करायला बसता
त्याच रूपात द्या.
आम्ही असेच बसतो.
शंकेसकट, तव्यासकट.

बोट उचललं.
बांधणीच्या स्क्रिप्ट जोडल्या,
कोऱ्या मशीनवर सगळं मुळापासून उभं केलं,
तिसऱ्या खेपेला जुळलं.
बिल: पेनड्राइव्ह दोनशे दहा, पार्सल साठ.
याहून जास्त घ्यायचं नसतं.
साहेबांनी न वाचता सही केली.

एसटी स्टँडवर पार्सलच्या खिडकीतल्या माणसानं
पाकीट तळहातावर तोललं.
'ह्याला तर वजनच नाही की,' म्हणाला,
आणि साठाची पावती फाडली.