उतरलेलं

बखीत बिन सुहैल यांनी बाटली टेबलावर ठेवली
आणि हात लगेच काढला नाही.
सलालाच्या बाजारात कोणीतरी म्हणालं होतं, तेलात भेसळ आहे.
चाळीस वर्षं लोबान विकणारा माणूस
त्या एका वाक्यापायी उन्हातून चालत आला होता.

सुईच्या टोकावर मावेल एवढंच मी घेतलं.
त्याची वाफ झाली, आणि हेलियमने ती
तीस मीटर नळीत ढकलली.
नळी केसाएवढी, भट्टीत वेटोळं घालून बसलेली.
"आता?"
"आता थांबायचं."

सगळे एकाच दारातून, एकाच क्षणी आत जातात.
वारा सगळ्यांना सारखाच.
पण नळीला आतून एक अस्तर असतं
आणि त्यात ज्याचा त्याचा जीव कमीजास्त अडकतो.
पायनीनचा अडकत नाही. सातव्या मिनिटाला तो बाहेर,
पडद्याच्या माथ्याला टेकणारा सुळका.
मग लिमोनीन. मग बारकी मंडळी,
पंगतीतून एकेक उठावं तशी.
जड होते ते वळणावळणावर टेकत आले.

बखीत सुळके बघत नव्हते. माझा चेहरा बघत होते.

एकविसाव्या मिनिटाला एक असा आला
ज्याचं लोबानात काही काम नव्हतं.
थॅलेट.
प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ते.

बाटली उचलून पाहिली. कधीतरी शाम्पूची असावी,
कुशी आत बसलेल्या.
"यात किती दिवस?"
"धाकटा मस्कतला गेला तेव्हापासून.
त्यानेच काढलेलं, शेवटचं."

तेल खोटं नव्हतं. बाटली त्यात उतरली होती.
एवढं सांगायला माझं अरबी पुरेना.
"तेल सच्चा," मी म्हटलं, "बोतल... बोतल अंदर,"
आणि एका मुठीत दुसऱ्या हाताची बोटं घातली.
ते हसले. मग हसायचे थांबले.

काल फोनवर मी "माफी मुश्किल" म्हणाले
तर कुडाळहून दादा म्हणाला, "अगो, ह्या खंयचा?"
अकरा वर्षं. मी विषय बदलला.

डॉक्टर हिशाम म्हणाले, शेऱ्यात लिही : विक्रीस अयोग्य.
ते बरोबरच होतं. मी लिहिलं.
खाली, नियमात न बसणारी एक ओळ जोडली :
झाडाकडून आलेलं सगळं जागच्या जागी आहे.

जाताना त्यांना फडताळातली एक तपकिरी काचेची बाटली दिली,
रिकामी, धुतलेली.
त्यांनी ती उघडून हुंगली.
कशाचाच वास नव्हता.
तरी बराच वेळ हुंगत राहिले.