चौदा नोंदी

सोनार मॅडमनी चपला दाराशी काढल्या,
पर्समधून लहानशी हातोडी काढली
आणि घराला विचारायला सुरुवात केली.
टक टक. इथे भरीव.
टक टक. इथे प्लास्टरने भिंतीचा हात सोडलाय.
मी वही घेऊन मागे मागे,
डॉक्टरमागे कंपाउंडर जातो तसा.

देवपूर, धुळे. एप्रिल.
साडेनऊलाच गच्ची तळपायाला चावत होती.
हिलाल आप्पा, एसटी वर्कशॉपातून रिटायर झालेले,
खाटेवर बसून, एक अक्षर न बोलता
आपल्या घराचं पोट तपासलं जाताना ऐकत होते.

संध्याकाळी अहवाल आला. चौदा नोंदी.
गच्चीचा उतार उलटा.
न्हाणीच्या भिंतीला अडीच फुटांपर्यंत ओल.
अर्थिंग म्हणजे कुंडीत खोचलेली नुसती तार.
मागच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग:
काळी माती, पाया उथळ, हालचाल चालू असण्याची शक्यता.

हेमलताने एकेका ओळीपुढे आकडा मांडला.
बेरीज दोन लाख चाळीस हजार.
"भेगेपासून सुरू कर," ती म्हणाली.
"ओलीला कोणी भीत नाही."
रात्री मी आरशासमोर तालीम केली:
आप्पा, घर आवडलंय, पण.
त्या 'पण'वर किती जोर द्यायचा
तेवढं काही जमेना.

रविवारी बसलो. मधे दलाल युनूसभाई,
दोन्हीकडचा चहा पिणारे.
आप्पांनी कागद शेवटपर्यंत वाचला,
सहीवर थांबले. "पोर हुशार शे."

मी म्हणालो, भेग.
ते उठले. दोघांनी मिळून कपाट सरकवलं.
भेगेच्या वाटेवर पेन्सिलीची आडवी रेघ, शेजारी साल.
२००४. बोटभर पुढे २००७.
मग २०१२, त्या साली शेतात हात जाईल एवढ्या चिरा होत्या.
मग २०१५. पुढे भिंत कोरी.
"आठेच थांबेल शे," आप्पा म्हणाले.
पोरांची उंची भिंतीवर मांडणारे पाहिले होते.
भेगेची मांडणारा हा पहिलाच.
मॅडमना फोन लावला.
खुणा जुन्या असतील, त्या म्हणाल्या, तर ती नोंद सोडा.
नव्वद हजार गेले.

मी ओलीवर आलो. कबूल.
उतार? कबूल.
अर्थिंग? ते हसले. जन्मभर बसच्या वायरी जोडल्या,
घरची तेवढी राहिली. कबूल.
सगळं इतकं भराभर कबूल होत गेलं
की हातातला कागद हलका वाटायला लागला.

युनूसभाई गोळाबेरीज करत होते,
तेव्हा आप्पांनी अंगणाकडे बोट केलं.
"हौद बी गळस."
हे चौदात नव्हतं.
मॅडम आल्या त्या दिवशी नळ आलेला, हौद काठोकाठ.
नळ आठव्या दिवशी येतो,
तळ पाचव्या दिवशी दिसतो.
युनूसभाईंनी कपाळाला हात लावला.
"तुम्ही वाकीसन दखं," आप्पा म्हणाले, "म्हनीसन सांगस.
पहिला गिऱ्हाईक दारमाईनच भाव बोलना.
त्याले काय सांगू?"

हौदाचे किती धरायचे, यावर मात्र
पाऊण तास भांडलो.
ते दहा म्हणत, मी तीस.
शेजारीण कुरडया घालायची थांबून ऐकत राहिली.
सत्तावीस सांगितलेलं घर
पंचवीस पस्तीसवर टेकलं,
कूलरच्या स्टँडसकट.

राहायला येऊन तेरा महिने झाले.
काल कपाट सरकवून पाहिलं.
भेग २०१५ ओलांडून
गव्हाच्या दाण्याएवढी पुढे गेलीय.
हेमलता म्हणाली, आप्पांना फोन करायचा?
मी पोराच्या कंपासातली पेन्सिल घेतली,
रेघ मारली, साल घातलं,
कपाट परत भिंतीला लावलं.
कधी विकायची वेळ आली
आणि कोणी वाकून पाहिलं,
तर सांगेन.